फक्त क्रिया सांगा, सोडवू नका

खालची दोन उदाहरणे वाचा. सोडवायची नाहीत. गुणाकार करावा लागेल की भागाकार, एवढंच मनाशी ठरवा.

एक क्विंटल गव्हापासून ०.७५ क्विंटल पीठ मिळते. १५ क्विंटल गव्हापासून किती पीठ मिळेल?

एक किलो डिटर्जंटपासून १५ किलो साबण तयार होतो. ०.७५ किलो डिटर्जंटपासून किती साबण तयार होईल?

दोन्हींचं उत्तर १५ आणि ०.७५ यांच्या गुणाकाराने येतं. आकडे तेच, क्रिया तीच. तरी दुसऱ्यापाशी क्षणभर अडखळला असाल तर त्यात नवल नाही. पिसा शहरातल्या शाळकरी मुलांना अशीच उदाहरणे दिली होती. पहिल्याला बहुतेकांनी गुणाकार निवडला. दुसऱ्याला पाचवीतल्या एक तृतीयांश मुलांनीसुद्धा निवडला नाही, उरलेल्यांतल्या अनेकांनी भागाकाराकडे मोर्चा वळवला.

हा १९८५ सालचा पेपर आहे, 'जर्नल फॉर रिसर्च इन मॅथेमॅटिक्स एज्युकेशन'मधला. लेखक इफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या तीन इटालियन सहकारी. मुले ६२८, इयत्ता पाचवी, सातवी आणि नववीची. तुमच्यापैकी जे कोणी प्राथमिक गणितावर प्रपोजल लिहीत असतील त्यांच्या लिटरेचर रिव्ह्यूत हा पेपर येणारच, किंवा आलाही असेल. बहुतेक वेळा तो एका वाक्यापुरता येतो: मुलांची भागाकाराची मूळ कल्पना वाटणीची असते (फिशबाइन व इतर, १९८५). पूर्णविराम, आणि गाडी पुढच्या संदर्भाकडे. आज आपण त्या वाक्यापाशी जरा थांबू. पेपर वाईट आहे म्हणून नाही. चांगला आहे, म्हणूनच तो नेमकं काय मोजतो आणि काय मोजत नाही हे बघायला हवं.

आधी त्याचं म्हणणं समजून घेऊ. फिशबाइन म्हणतात की प्रत्येक गणिती क्रियेला मनात एक जुनं, साधं चित्र चिकटलेलं असतं. ते आहे हे आपल्याला कळतही नाही, पण उदाहरण वाचताना ते मागून सूत्रे हलवत असतं. गुणाकाराचं चित्र म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज: तेवढाच गट इतक्या वेळा घ्यायचा. या चित्राची एक अट आहे. 'किती वेळा' हा आकडा पूर्ण संख्या असायला हवा. गव्हाच्या उदाहरणात ०.७५ हा गट आहे आणि तो १५ वेळा घ्यायचा आहे, चित्र बसतं. साबणाच्या उदाहरणात १५ हा गट आहे आणि तो घ्यायचा आहे... पाऊण वेळा. आता पाऊण वेळा बेरीज कशी करायची? चित्र मोडतं. शिवाय गुणाकाराने संख्या वाढते असं त्याच चित्राने शिकवलेलं असतं आणि इथे तर उत्तर १५ पेक्षा लहान यायला हवं. मग मूल 'लहान उत्तर म्हणजे भागाकार' असा रस्ता धरतं.

भागाकाराची चित्रे दोन. एक समान वाटणीचं: २० लाडू ४ डब्यांत सारखे भरायचे, एका डब्यात किती? दुसरं समान गटांचं: १५ लाडू आहेत, एका डब्यात ३ मावतात, डबे किती लागतील? डी.एड. किंवा बी.एड. केलेल्यांना हा फरक तोंडपाठ असेल. फिशबाइनना सुरुवातीला दोन्ही चित्रे मुलांमध्ये दिसतील असं वाटलं होतं. डेटा वेगळं बोलला. वाटणीचं चित्र खालच्या वर्गापासून ठाम दिसलं, गटांचं चित्र वरच्या वर्गात गेल्यावरच ताकद धरू लागलं. त्यावरून निष्कर्ष निघाला की भागाकाराचं उपजत म्हणावं असं चित्र एकच, वाटणीचं, आणि दुसरं शाळा शिकवते म्हणून येतं.

हा पेपर का टिकला ते समजण्यासारखं आहे. त्याआधी 'मुलांना शाब्दिक उदाहरणे येत नाहीत' याचं उत्तर वाचन कच्चं, पाढे कच्चे, लक्ष नाही, इथवरच असायचं. या चौघांनी दाखवलं की चुका मोकाट नसतात, त्यांना वळण असतं. १५ मित्रांनी मिळून ५ किलो बिस्किटे घेतली तर प्रत्येकाला किती, असं विचारलं की मुलं मोठ्या संख्येने १५ भागिले ५ लिहितात, कारण वाटणीच्या चित्रात भाज्य हा भाजकापेक्षा मोठा असायलाच हवा. हे एकदा वाचलं की तपासायला घेतलेल्या वह्या वेगळ्या दिसायला लागतात. माझ्या मते या पेपरचं खरं काम हे आहे. वाटणी आधी की गट आधी, हा वाद त्यातला सगळ्यात कच्चा भाग आहे, आणि नेमका तोच आपण उचलून नेतो.

कच्चा का? मुलांना दिलेली सूचना बघा. उदाहरण वाचा आणि कोणती क्रिया करावी लागेल ते सांगा. आकडेमोड करायची नाही. संशोधकाच्या बाजूने हे शहाणपणाचं आहे. पाढे चुकल्यामुळे होणाऱ्या चुका बाजूला पडतात आणि निव्वळ समज मोजली जाते, असा हिशेब. पण समज म्हणजे काय? गोष्टीतून चिन्हाकडे जाणं, 'डबे किती लागतील' यावरून ÷ कडे. शाळेत चार-पाच वर्षे काढल्याशिवाय हे काम करताच येत नाही. म्हणजे जे उपजत आहे ते शोधायला निघालो आणि हातात घेतलेलं साधन मात्र शाळेतच शिकवलं जाणारं. बरं, सॅम्पलमधली सर्वांत लहान मुलंही पाचवीतली. भागाकार शिकून त्यांना काही वर्षे झालेली. शाळेत भागाकाराची ओळख वाटणीने करून दिली जात असेल, तर पाचवीत दिसलेलं वाटणीचं चित्र मुलाचं की पहिल्या बाईंचं, हे या आराखड्यातून वेगळं काढताच येत नाही. गंमत म्हणजे लेखकांनी स्वतः दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत: ही चित्रे शिकवण्यातून आली असतील, किंवा माणसाच्या मनाच्या ठेवणीतून. त्यांचा हा 'किंवा' आपल्या रिव्ह्यूत येईपर्यंत गळून पडतो.

आता दुसरं चित्र डोळ्यांसमोर आणा. सहा वर्षांची मुलगी, समोर पंधरा चिंचोके. तिला सांगितलंय की पंधरा मासे आहेत आणि एका बरणीत तीनच मासे ठेवायचे. ती तीन-तीनचे ढीग करते, ढीग मोजते, 'पाच' म्हणते. तिला विचारा, बाळा, तू कोणती क्रिया केलीस? ती तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. फिशबाइनच्या प्रश्नपत्रिकेत तिला शून्य. पण तिने गटांचा भागाकार आत्ता तुमच्यासमोर सोडवला.

हे उदाहरण माझ्या मनातलं नाही, चिंचोके तेवढे माझे. टॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याच जर्नलमध्ये अमेरिकेतल्या किंडरगार्टनच्या, म्हणजे आपल्या मोठ्या शिशूच्या आसपासच्या वयाच्या, ७० मुलांच्या मुलाखती छापल्या. नऊ उदाहरणे, तोंडी सांगितलेली, हवी तितक्या वेळा पुन्हा सांगितलेली, समोर मोजायच्या वस्तू. माशांचं आणि बरण्यांचं उदाहरण त्यांचंच, २० केक ४ खोक्यांत भरण्याचंही. जवळजवळ निम्म्या मुलांनी नऊच्या नऊ उदाहरणांना योग्य रीत वापरली. एकही उदाहरण न सुटलेली मुलं फक्त पाच. आणि आपल्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की गटांच्या भागाकाराला आणि वाटणीच्या भागाकाराला मिळालेलं यश जवळजवळ सारखं होतं. ÷ हे चिन्ह न शिकलेली मुलं गट करत होती. मग गटांचं चित्र शाळेतल्या भागाकारामुळे येतं, या म्हणण्याचं काय करायचं?

थांबा, इथे लगेच 'फिशबाइन खोटे ठरले' असं लिहू नका. लिटरेचर रिव्ह्यूत एक पेपर दुसऱ्याच्या डोक्यावर आपटण्याची आपल्याला फार हौस असते. दोघांनी एकच गोष्ट मोजलेलीच नाही. पिसात मोजलं ते कथेवरून चिन्ह ओळखणं. कार्पेंटरनी मोजलं ते कथेतली हालचाल हातांनी करणं. पहिल्यात गटांचा भागाकार अवघड जाणं आणि दुसऱ्यात सोपा जाणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. माझ्या मते तेच खरं आहे आणि तेच रंजक आहे. जे मूल सहाव्या वर्षी बिनदिक्कत गट करतं, तेच अकराव्या वर्षी त्याच गोष्टीपुढे कोणतं चिन्ह लिहावं म्हणून अडतं. अंतर मुलाच्या समजेत आहे की चिन्हाशी गाठ घालून देण्याच्या आपल्या पद्धतीत, हा संशोधनाचा प्रश्न झाला. 'मुलांना भागाकार कळत नाही' हा प्रश्नच नव्हे, ती तक्रार.

कार्पेंटरच्या पेपरलाही सोडायला नको. हा अभ्यास 'न शिकलेल्या' मुलांवरचा म्हणून मिरवला जातो. तसा तो नाही. त्या वर्गांच्या शिक्षिकांनी मुलांच्या गणिती विचाराबद्दलचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि मुलं वर्षभर तऱ्हेतऱ्हेची शाब्दिक उदाहरणे सोडवत होती. चिन्हांचं शिक्षण नव्हतं, पण उदाहरणाला हात घालण्याची सवय मात्र भरपूर लावलेली होती. तेव्हा 'लहान मुलांना हे येतंच' असं त्यावरून म्हणता येत नाही. 'संधी मिळाली तर येऊ शकतं' एवढंच म्हणता येतं. प्रपोजलमध्ये या दोन वाक्यांमधलं अंतर तुम्ही पाळता की नाही, यावर परीक्षक तुम्हाला बरोबर पकडतात.

असाच एक मोह बाकीच्या उदाहरणांबाबत होतो. अमेरिकन राष्ट्रीय चाचणीतलं बसचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी लिहिलं. २९ टक्क्यांनी सरळ '३१ बाकी १२' असं लिहून दिलं. आणि कार्पेंटरच्या किंडरगार्टनमध्ये १९ मुलं, एका गाडीत ५, गाड्या किती, याला निम्म्याहून जास्त मुलांची रीत बरोबर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भाषणात टाळ्या मिळतात: बघा, शाळेने मुलांची बुद्धी मारली! पण १,१२८ चे गट कोणी वस्तू मांडून करत नाही. एकीकडे तोंडी मुलाखत, दुसरीकडे कागद. एकीकडे सत्तर मुलं, दुसरीकडे देशपातळीवरची चाचणी. दोन आकड्यांची तुलना होत नाही. तरीही '३१ बाकी १२' या उत्तरातून एक गोष्ट पक्की शिकायला मिळते: क्रिया बरोबर निवडणं आणि उदाहरण सुटणं यांत भलंमोठं अंतर असू शकतं. फिशबाइनच्या पद्धतीने त्या सैनिकांचं उदाहरण दिलं असतं, तर '३१ बाकी १२' लिहिणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण मिळाले असते. म्हणजे ती पद्धत दोन्हीकडून चुकते. चिंचोकेवालीला नापास करते आणि बाकी १२ वाल्याला पास.

हा वाद पुढे कुठे गेला ते बघायचं तर जोॲन मलिगन आणि मायकेल मिचेलमोर यांचा १९९७ चा पेपर वाचा. ऑस्ट्रेलियातल्या ६० मुली, दुसरी आणि तिसरी इयत्ता, त्याच २४ शाब्दिक उदाहरणांवर चार वेळा मुलाखत. त्यांना आढळलं की मुली एका प्रकारच्या उदाहरणाला एकच चित्र लावत नाहीत. थेट मोजणं, पुन्हा पुन्हा बेरीज, गुणाकाराचीच क्रिया वापरणं, आणि भागाकारात कधी पुन्हा पुन्हा वजाबाकी, या सगळ्या रीती सगळ्या प्रकारच्या उदाहरणांना वापरल्या गेल्या. रीत कोणती निघेल ते वय, आकड्यांचा आकार, भाषा आणि गोष्टीची घडण या सगळ्यांच्या गुंत्यावर ठरतं. मूल उदाहरणात जी रचना पाहतं तिच्याप्रमाणे ते रीत निवडतं. म्हणजे 'वाटणी आधी की गट आधी' हा प्रश्नच मुळात तिरका होता.

मला हा पेपर तिन्हींमध्ये सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण त्याचा सारांश सावकाश वाचा. रीतींची वर्गवारी बरोबर उत्तरांवरून केली आहे. चुकलेल्या उत्तरांमागची चित्रे त्या वर्गवारीत आलीच नाहीत. फिशबाइनचं सगळं बळ चुकांच्या वळणात होतं, इथे चुका बाहेर ठेवल्या. शिवाय तीच उदाहरणे चार वेळा दिली. मुलीला ती आठवत नसतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि सगळ्या मुली. का हे विचारा. विचारल्याने पेपर पडत नाही, पण तुमच्या सॅम्पलबद्दल तुम्हाला कोण काय विचारणार आहे ते कळतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण तुम्ही ही टूल्स मराठीत आणणार आहात. भाषांतर म्हणजे वाक्ये फिरवणं अशी समजूत असेल तर इथे फसाल.

पहिली गोष्ट. ०.७५ ला आपल्याकडे एक नाव आहे: पाऊण. बाजारात पाऊण किलो वांगी मागितली तर भाजीवालीचा मुलगा कॅल्क्युलेटर काढत नाही. किलोला ४०, अर्ध्याचे २०, पावाचे १०, झाले ३०. हा ४० गुणिले ०.७५ आहे. पिसातल्या पाचवीला जो गुणक अडला, तोच. तो पाऊण वेळा बेरीज करत बसत नाही. दर मोडून तुकडे जोडतो. जुन्या मराठी शाळांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. म्हणजे ज्याला फिशबाइन 'गुणक पूर्ण संख्या असायलाच हवी' असं म्हणतात, त्या अटीला बगल देणारं एक अख्खं पाठांतर आपल्या परंपरेत होतं. त्यामुळे ही अट मुलांच्या मनातून सुटते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण प्रश्न चोख आहे: तेच साबणाचं उदाहरण एका गटाला '०.७५ किलो' असं दिलं आणि दुसऱ्याला 'पाऊण किलो' असं दिलं, तर क्रियेची निवड बदलते का? आणि उत्तर बदलतं का? दोन्ही वेगवेगळं विचारा. माझा अंदाज असा की 'पाऊण' वाचणाऱ्यांची उत्तरे सुधारतील, क्रियेची निवड फारशी सुधारणार नाही. अंदाजच आहे. कोणाला पीएच.डी.च्या आधी एखादा छोटा पायलट करायचा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

बाजाराचं हे प्रकरण नुसतं रम्य नाही हेही सांगायला हवं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या, घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणितावर काम केलं आहे. ते जरूर वाचा. २०२५ साली 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास आला. बाजारात अवघड हिशेब अचूक करणारी मुलं शाळेच्या थाटातल्या साध्या गणितात अडतात, आणि शाळेतली मुलं बाजाराच्या हिशेबात. ज्ञान इकडून तिकडे आपोआप जात नाही, दोन्ही दिशांनी. 'बाजारातली मुलं हुशार, शाळा निरुपयोगी' एवढंच ज्यांना त्यातून ऐकू येतं, त्यांनी दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचावा.

दुसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण अख्खा डेटा बिघडवते. आपण म्हणतो 'सहा त्रिक अठरा'. ६ × ३ म्हणजे सहा, तीन वेळा. आधी गुण्य, मग गुणक. अमेरिकन पाठ्यपुस्तकांत ३ × ६ म्हणजे तीन गट, प्रत्येकी सहा. तिथे आधी गट, मग गटातली संख्या. आता तुम्ही अमेरिकन रुब्रिक घेतलं, त्यात 'मुलाने गटांची संख्या आधी लिहिली का?' असा एक निकष आहे, आणि तो जसाच्या तसा कोडिंगला लावला. नाशिकच्या एखाद्या मुलीने तीन पिशव्या, प्रत्येकीत सहा आंबे, याला ६ × ३ लिहिलं. तिच्या पाढ्यांप्रमाणे तंतोतंत बरोबर. तुमच्या एक्सेलमध्ये मात्र 'रचना उलटी समजली'. अशी ऐंशी मुलं झाली की 'मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना गुणाकाराची रचना समजत नाही' असा निष्कर्ष तयार. त्याला टेबलही असेल आणि पी-व्हॅल्यूही.

तिसरी, शब्दांची. इंग्रजीतल्या एकाच शब्दाच्या जागी मराठीत प्रत्येक, प्रत्येकी, एकेक, शिवाय आकड्याची पुनरुक्ती असे पर्याय आहेत. 'चार मुलांना तीन लाडू दिले' आणि 'चार मुलांना तीन-तीन लाडू दिले' यांत बाराचा आणि तीनाचा फरक आहे, आणि तो पोरंसोरंही चुकत नाहीत. घरात वाटावाटी होताना कानावर पडलेलं असतं ना. म्हणजे 'तीन-तीन' असं लिहिलं की गुणाकाराची रचना भाषाच सांगून टाकते. 'प्रत्येक मुलाला ३ लाडू याप्रमाणे' असं पुस्तकी लिहिलं की मुलाला ती शोधावी लागते. मग तुम्ही गणित मोजलं की पुस्तकी मराठी? दोन्ही मोजायला हरकत नाही, पण कोणतं ते ठरवून मोजा.

आणि गाइडांमधली ती युक्ती: 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. '४० रुपये ८ मुलांत वाटले, प्रत्येकी किती?' इथे चालते. '८ वह्या प्रत्येकी ४० रुपयांना घेतल्या, किती रुपये झाले?' इथे आपटते. तुमच्या टूलमधल्या सगळ्या भागाकारांत 'प्रत्येकी' असेल आणि गुणाकारांत एकातही नसेल, तर तुम्ही शब्द ओळखण्याची परीक्षा घेताय. क्रियेची निवड विचारणाऱ्या चाचणीत हा धोका सर्वांत जास्त. कारण तिथे मुलाला शब्द हेरून चिन्ह टाकण्यापलीकडे काही करावंच लागत नाही.

'असर'बद्दलही बोलायला हवं, कारण प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात तो असतोच. २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार करता आला. आकडा खरा आहे आणि काळजी करण्यासारखाही. पण तो भागाकार म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने, मांडून, कागदावर. त्यात गोष्ट नाही, मासे नाहीत, बरण्या नाहीत. घरोघरी जाऊन काही मिनिटांत करायच्या तपासणीसाठी ती निवड योग्यच आहे. 'असर' हा उदाहरणे समजण्याची चाचणी असल्याचा दावा करत नाही. आपण करतो. '६९ टक्के मुलांना भागाकार समजत नाही, म्हणून मी शाब्दिक उदाहरणांवर काम करणार' या वाक्यात 'येत नाही'चं 'समजत नाही' झालं, मांडणीच्या रीतीवरून उडी मारून समजेवर आलो, आणि मध्ये एकही पुरावा नाही. हे वाक्य गाइडच्या नजरेतून सुटेल. बाहेरच्या परीक्षकाच्या नाही.

मग चाचणी करायची कशी, असं तुम्ही विचाराल. सगळी रेसिपी माझ्याकडे नाही, पण इतकं करून बघा. पाच-सहाच उदाहरणे घ्या, त्यांत वाटणी आणि गट दोन्ही, एखादं बाकी उरणारं, एखादं 'पाऊण'चं. प्रत्येक उदाहरण प्रत्येक मुलाला दोनदा द्या, मध्ये काही दिवस जाऊ द्या. एकदा 'कोणती क्रिया?' म्हणून, एकदा 'सोडव, हवं तसं, या खड्यांनी, बोटांनी, चित्र काढून' म्हणून. अर्ध्या मुलांना आधी हे, अर्ध्यांना आधी ते. मग आकडे चार खणांत टाका: दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, क्रिया बरोबर पण सुटलं नाही, सुटलं पण क्रिया सांगता आली नाही. पहिल्या दोन खणांत फार काही नसतं. तुमचा प्रबंध उरलेल्या दोन खणांत आहे.

आणि चौथ्या खणातल्या मुलांकडे पुन्हा जा. सुटलं, पण क्रिया सांगता आली नाही, ती मुलं. तुमच्या नोंदीवरून शाळा त्यांना उपचारात्मक वर्गात बसवणार असते. तिथे त्यांना पुन्हा पाढे आणि पुन्हा भागाकाराची मांडणी मिळणार, म्हणजे जे त्यांना जमत होतं त्याच्याशी काही संबंध नसलेलं. त्यांच्यापुढे तीन-तीनचे ढीग तसेच ठेवा आणि विचारा: 'हे तू जे केलंस, ते दुसऱ्या मुलाला फोनवर सांगायचं झालं तर काय सांगशील?' ते जे बोलतील ते शब्द न बदलता लिहून घ्या, बोलीत असतील तर बोलीतच. ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रमाण मराठी करण्याची घाई नको. 'तीन-तीन काढत गेलो', 'पाच येळा निघाले', 'संपेपर्यंत' असलं काही आलं तर त्याच्यापुढे ÷ हे चिन्ह ठेवा आणि म्हणा, तू केलंस ते लोक असं लिहितात. मग पुढचं उदाहरण द्या, आणि या वेळी ते पेन्सिल उचलतं की खडे, ते नोंदवा.